छर्र्याचा मान

"एका पाखराला नऊशे सत्तावीस डॉलर आणि पन्नास सेंट," वैदेहीने लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा वळवला आणि पुन्हा वाल सोलायला घेतले.

थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस होता. मोड आलेल्या वालांचं पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवून दिघ्यांचं सगळं घर त्याभोवती बसलं होतं. बिरड्याचे वाल सोलताना सगळ्यांचे हात ओले असतात आणि कुणाला उठून जाता येत नाही. त्यामुळे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या या घरातली सगळी मोठी भांडणं गेली चाळीस वर्षं वालांच्या साक्षीनेच झाली होती. घर विकायचं की नाही हा दिवाळीतला वादही इथेच सुरू झाला आणि वाल संपले म्हणून थांबला.

"नऊशे सत्तावीस?" गिरीशने शीळ घातली. "बाबा, कॉस्टकोत भाजलेली अख्खी कोंबडी पाच डॉलरला मिळते, यार."

"तिच्यामागे चालावं लागत नाही," हेमचंद्र म्हणाले. "आणि ती मिळते म्हणूनच तुझं पोट असं झालंय."

गिरीशने पोटावर हात ठेवला आणि शर्ट ओला झाला. सुचित्रा, त्याची बायको, खाली मान घालून हसली. सासऱ्याने नवऱ्याची काढलेली खोडी तिला माहेरच्या फराळासारखी गोड लागायची.

हेमचंद्र शहात्तर वर्षांचे होते. नोकरीत असताना त्यांनी आयोवातल्या धान्याच्या कोठारांची डिझाइन केली. तिथल्याच एका शेतकऱ्याने, वॉल्टने, अठ्ठ्याऐंशी साली त्यांना फेजंटच्या, म्हणजे तिकडच्या रानकोंबड्यांच्या, शिकारीला नेलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात हा माणूस नारिंगी जाकीट घालून, कुत्रा आणि बंदूक गाडीत टाकून चार दिवस आयोवाला जातो, आणि येताना साफ केलेली पाखरं बर्फाच्या पेटीतून घेऊन येतो. यंदा चार आणली होती. ती फ्रीजमध्ये होती आणि आयोवाला जाऊन आलेला कुत्रा, सुभेदार, टेबलाखाली घोरत होता.

"काय काय धरलंस एवढं?" हेमचंद्रांनी विचारलं.

"सगळं तुमच्या कार्डवरून घेतलंय." वैदेही सिएटलजवळ बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये होती आणि बाबा पासवर्ड विसरल्यापासून त्यांचं कार्ड तीच सांभाळत होती. "शॉटगनच्या काडतुसांची चार खोकी, अठ्ठावीसला एक. गेल्या वर्षी पंचवीसला होती. मोटेल, गाडीचा गॅस. आयोवाचं शिकारीचं लायसन्स, जे आपल्याला बाहेरचे म्हणून महाग पडतं. बूट, दोनशे दहा."

"ते बूट मला आयुष्यभर पुरतील."

"मागचेपण आयुष्यभर पुरणार होते, बाबा. आणि मग सुभेदार. त्याचा व्हेट, त्याचं खाणं, त्याची ती सांधेदुखीची गोळी."

"सुभेदार वर्षभर माझ्याजवळ असतो. त्याचा सगळा खर्च पाखरांवर कसा टाकतेस? मग तुझ्या आईचापण टाक."

"टाक गं," सुहासिनी म्हणाली. ती सगळ्यांपेक्षा दुप्पट वेगाने वाल सोलत होती. "फक्त ते चार दिवस घरात नसतात तेव्हा मला जी शांतता मिळते, तिची किंमत वजा कर. पाखरं फुकटात पडतील."

सगळे हसले. वैदेहीसुद्धा हसली, पण तिचं हसू लवकर संपलं. ती पाच तासांचं विमान पकडून आली होती ती नुसती आकडे वाचायला नाही. वडिलांचा पाच तासांचा हायवे, तोही बर्फात, एकट्याने, हे तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. गेल्या रविवारी ते परत येईपर्यंत तिने तिकडे बॉथेलला बसून फोनवर त्यांच्या गाडीचा ठिपका पाहिला होता. एकदा तो ठिपका एका जागी चाळीस मिनिटं थांबला तेव्हा तिला जेवण गेलं नव्हतं.

"बाबा, पैशाचं सोडा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जाऊ नका. प्लीज."

"पैशाचं सोडायचं होतं तर सेंटपर्यंत हिशेब कशाला केलास?"

"कारण तुम्ही भीतीचं ऐकत नाही. आकड्यांचं ऐकता."

हे खरं होतं, म्हणून हेमचंद्रांनी एक वाल गरजेपेक्षा जास्त काळजीपूर्वक सोलला.

"ठीक आहे, मग रीतीप्रमाणे करूया," गिरीश म्हणाला. भांडणात बाजू घेण्यापेक्षा पंच व्हायला त्याला लहानपणापासून आवडायचं. "उद्या ज्याच्या दाताखाली छर्रा येईल त्याचा शब्द."

दिघ्यांच्या घरातली ही रीत इतर कुठल्याच मराठी घरात नसेल. शिकार केलेल्या पाखराच्या मांसात काडतुसातला एखादा बारीक छर्रा राहतो. पहिल्या वर्षी तो चिमुकल्या गिरीशच्या दाताखाली आला आणि तो रडायला लागला, तेव्हा त्याला गप्प करायला हेमचंद्र म्हणाले, अरे, छर्रा ज्याला मिळतो त्याचं एक मागणं घराने पुरवायचं असतं. बोलून गेले ते बोलून गेले. त्या छर्र्यावर गिरीशने व्हिडिओ गेम मिळवला. वैदेहीने तर सतराव्या वर्षी, आईबाप शिकागोच्या पलीकडे सोडायला तयार नसताना, छर्रा ताटाच्या कडेला ठेवून शांतपणे सांगितलं होतं की मी सिएटलला शिकायला जाणार. हेमचंद्रांनी छर्र्याचा मान मोडला नाही. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या करंड्यात असे सगळे छर्रे जपून ठेवलेले होते.

"मला मिळाला तर मी हेच मागणार," वैदेही म्हणाली.

"माग."

"आणि कोणालाच नाही मिळाला तर?"

हेमचंद्रांचा हात थांबला.

"गेल्या वर्षी नाही मिळाला," वैदेही म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षी नाही. यंदापण नाही मिळाला तर तिसरं वर्ष. मग तुम्ही काय मारताय, कसं मारताय, मला माहीत नाही, पण माझा शब्द चालणार. जायचं बंद."

"फेअर आहे," गिरीशने निकाल दिला.

"आई?" वैदेहीने मत मागितलं.

सुहासिनीने नवऱ्याकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. "मला मान्य आहे," ती म्हणाली.

हेमचंद्रांना वाटलं, घ्या, छत्तीस वर्षं हिच्यासाठी पाखरं आणली, आणि ही फितूर निघाली.

त्यांना वाईट वाटायला कारणही तसंच होतं. त्या चारही पाखरांत छर्रा असणं शक्य नव्हतं. त्या पाखरांनी जन्मात बंदूक पाहिली नव्हती. आयोवातून परतताना हायवेला लागून एक शेत आहे, तिथली बाई पाळलेली फेजंट साफ करून विकते. हेमचंद्र तीन वर्षं ती विकत आणत होते. वैदेहीने पाहिलेला चाळीस मिनिटांचा ठिपका त्याच शेताचा होता. ती बाई बोलकी होती. पैसे ते रोख देत. कार्डावर काय उमटतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सुभेदार गवतात दबा धरून उभा राहिला, पाखरू उडालं, त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि नळी थरथरायला लागली. थंडीने नव्हे. हातानेच. त्यांनी बंदूक खाली घेतली, काडतुसं काढली आणि पुन्हा कधी भरली नाहीत. पण हे घरी कसं सांगायचं? बंदूक सुटली की गाडीची किल्ली जाणार. किल्ली गेली की वॉल्ट जाणार. चौऱ्याऐंशी वर्षांचा वॉल्ट आता वृद्धाश्रमात होता, आणि वर्षातून चार दिवस हेमचंद्र त्याला गाडीत घालून त्याच्याच जुन्या शेतावर नेत. वॉल्ट काच खाली करून बसायचा. सुभेदार पाखरं उडवायचा. वॉल्ट हातातली काठी उचलून तोंडाने बंदुकीचा आवाज काढायचा, आणि मग दोघं नेम कुणाचा चुकला यावर भांडायचे. आता ही पोरगी कोणालाच छर्रा मिळाला नाही तर बंद म्हणते. म्हणजे ते हरलेच होते.

गुरुवारी सकाळी ते बेसमेंटमध्ये उतरले. माणूस हरायला लागला की लबाडी करतो, आणि इंजिनियर असला तर ती अवजारं घेऊन करतो. त्यांनी एक काडतूस काढलं, पक्कड घेतली, आणि त्याचं तोंड उकलून एकच छर्रा काढायचा घाट घातला. पण एका हाताने काडतूस धरायचं आणि दुसऱ्याने पक्कड, म्हणजे दोन्ही हात स्थिर हवेत. काडतूस दोनदा निसटून जमिनीवर पडलं.

"बाबा?"

सुचित्रा घडीच्या खुर्च्या न्यायला खाली आली होती. तिने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग पक्कडीकडे, मग मागच्या फळीवर रचलेल्या खोक्यांकडे. बारा खोकी होती. काल ज्यांचा भाव वाचून झाला तीच काडतुसं. एक सोडून सगळ्यांची सीलं शाबूत होती. सुचित्रा नागपूरची. चार लोकांत बघितलेलं न बघितल्यासारखं करायला ती लहानपणीच शिकली होती.

"हे असं पक्कडीने उकलायचं नसतं," ती म्हणाली. "हात जाईल एखाद्याचा. द्या इकडे."

त्यांनी दिलं. तिने काडतूस खोक्यात ठेवलं, खोकं फळीवर ठेवलं, आणि त्यांचा हात क्षणभर आपल्या हातात धरला. तो अजूनही थरथरत होता.

"कधीपासून?"

"सुचित्रा, गिरीशला सांगू नकोस."

"मी खुर्च्या न्यायला आले होते," सुचित्रा म्हणाली. "तीन न्यायच्यात. एक तुम्ही धरता का?"

दुपारी दोनला पानं वाढली. टर्की नव्हती, दिघ्यांच्या मते टर्की म्हणजे गाडाभर कापूस. बिरडं होतं, भात होता, कोलंबीची खिचडी होती, आणि मधोमध खोबरं भाजून केलेल्या वाटणातलं पाखरांचं कालवण. सुहासिनीने नेहमीप्रमाणे सगळ्यांना स्वतः वाढलं आणि शेवटी उरलंसुरलं आपल्या ताटात घेतलं. मानेचा तुकडा आणि रस्सा.

जेवण सुरू झालं आणि गप्पा बंद पडल्या. एरवी या घरात तोंडात घास असला तरी बोलणं थांबत नसे, पण आज प्रत्येकजण जपून चावत होता. वैदेही प्रत्येक घास दोन्ही गालांतून फिरवत होती. गिरीशची अकरा वर्षांची अनया एक तुकडा जिभेवर धरून बसली होती. हेमचंद्रांना जेवण जात नव्हतं. त्यांना वॉल्टची काठी दिसत होती.

"आजोबा, युअर फेस इज सो सॅड," अनया म्हणाली.

"तिखट लागलं."

"तुम्हाला? तिखट?" गिरीशने भुवया उंचावल्या. "आई, लिहून ठेव हे."

कालवण संपत आलं. वैदेहीने ताटातलं शेवटचं हाड चोखून बाजूला ठेवलं. "मला नाही."

"मलापण नाही," गिरीश म्हणाला. सुचित्राने नुसती मान हलवली. अनयाने जीभ बाहेर काढून दाखवली.

वैदेही जिंकली होती. पण वडिलांकडे पाहून तिला जिंकल्यासारखं वाटेना. तिला वाटलं होतं ते चिडतील, वाद घालतील, काहीतरी वकिली मुद्दा काढतील. ते नुसते भात चिवडत होते. आपण यांचं नक्की काय काढून घेतोय, हा प्रश्न तिच्या त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हता.

तेवढ्यात सुहासिनीच्या तोंडात कट्ट असा आवाज झाला.

तिने सावकाश बोटांनी काहीतरी काढलं, ताटाच्या कडेवर ठेवलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान, गोल, काळपट करडा छर्रा तिथे टण्ण वाजला.

"अगंबाई," सुहासिनी म्हणाली. "माझी दाढ."

हेमचंद्रांच्या हातातून चमचा पडला. छत्तीस वर्षांत छर्रा कधीच तिच्या वाट्याला आला नव्हता. मान आणि रस्सा खाणाऱ्या बाईच्या वाट्याला तो येणार कसा? आणि यंदा तर कुणाच्याच वाट्याला येणं शक्य नव्हतं. हे त्या टेबलावर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"लेट मी चेक!" अनया छर्रा उचलून फ्रीजकडे पळाली. ही तिने स्वतः लावलेली रीत होती. तिच्या जन्माच्या वर्षी वैदेहीनेच बाबांना शिशाचे छर्रे बंद करायला लावले होते, बाळाच्या घरात शिसं नको म्हणून. तेव्हापासून पोलादी छर्रे यायचे, आणि ते फ्रीजवरच्या मॅग्नेटला चिकटायचे.

"इट्स नॉट स्टिकिंग," अनया तिथून ओरडली. "आजोबा, व्हाय इज इट नॉट स्टिकिंग?"

वैदेहीने आईकडे पाहिलं. मग देव्हाऱ्याकडे, जिथे करंडा होता.

"तो पिझ्झावाल्याने फुकट दिलेला मॅग्नेट आहे," सुचित्रा म्हणाली. "त्याने कधी कागद धरला नाही, छर्रा काय धरणार? ये, बस, भात घे."

"मॉम, बट इट ऑलवेज—"

"अनया. भात."

गिरीशने तोंड उघडलं. सुचित्राने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला आणि पंचाने तोंड मिटलं. वैदेही काही बोलणार होती. अकरा वर्षांपूर्वी बंद झालेलं शिसं या वर्षीच्या पाखरात कसं आलं, हा साधा प्रश्न होता, आणि साधे प्रश्न विचारणं हाच तिचा धंदा होता. पण आईने आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली होती आणि ती इतकी वाईट केली होती की तिला पकडणं वैदेहीच्या जिवावर आलं.

"माग, आई," ती म्हणाली. "तुझा शब्द."

सुहासिनीने पदराने हात पुसला. "पुढच्या वर्षी मी आयोवाला जाणार. यांच्याबरोबर. गाडी मी चालवणार."

"तू?" बापलेक एकदम म्हणाले.

"पंच्याऐंशीपासून लायसन्स आहे माझ्याकडे. हायवेवर यांनी कधी चालवू दिली नाही म्हणून काय मला येत नाही? मुलगी जेवण सोडून ज्या ठिपक्याकडे बघत बसते, तो ठिपका मी चालवणार. बंदूक मात्र न्यायची नाही. ती गिरीशकडे राहील. वॉल्टला मी बिरडं नेणार. वृद्धाश्रमात त्याला काय मिळत असेल देव जाणे."

हेमचंद्रांना आता कळलं की वॉल्ट वृद्धाश्रमात आहे हे त्यांनी हिला कधी सांगितलंच नव्हतं.

"छर्र्याचा मान आहे," वैदेही म्हणाली. "मोडता येणार नाही."

जेवणं झाली. बाकीचे अनयाला घेऊन सुभेदारला फिरवायला गेले. चारचं कोवळं ऊन सिंकवर पडलं होतं. सुहासिनी भांडी विसळत होती आणि हेमचंद्र शेजारी फडकं घेऊन उभे होते. एक वाटी त्यांच्या हातात खडखडली. त्यांनी ती पटकन खाली ठेवली.

"कधी कळलं तुला?"

"दोन वर्षांपूर्वी. पहिल्याच खेपेला." तिने नळ बारीक केला. "अहो, छत्तीस वर्षं मी ती पाखरं धुतेय. गोळी लागलेलं पाखरू मला कळणार नाही? त्याचं मांस कुठेतरी काळंनिळं असतं. ही कशी गोरीगोमटी, लग्नाला निघाल्यासारखी."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. मग वॉल्टच्या मुलीला फोन केला, तिने सगळं सांगितलं. काठीचंपण." तिने एक ताट त्यांच्या हातात दिलं आणि ते पुरतं पकडेपर्यंत आपली बोटं खालून काढली नाहीत. "हात थरथरतो तर थरथरतो. माझं ऐकू येणं गेलंय, ते मी लपवते का?"

"लपवतेस. कालच अनयाला तीनदा विचारायला लावलंस."

"बरं, लपवते," सुहासिनी म्हणाली, आणि दोघांना हसू आलं. हसता हसता हेमचंद्रांचे डोळे भरले आणि त्यांनी ताट पुसायच्या फडक्याने ते पुसले. गेली दोन वर्षं त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती या बाईने निमूटपणे निम्मी वाटून घेतली होती.

"पण शिसं कशाला घातलंस? पोलादी घालायचा ना. वैदूला कळलं."

"करंड्यातले पोलादी सगळे गंजलेत. तुमच्या मानासाठी मी गंजलेला चावू?" तिने नळ बंद केला. "आणि काडतुसं आता घ्यायची नाहीत. बारा खोकी पडलीत खाली, मी मोजलीत. संशय नको म्हणून दर वर्षी शंभर शंभर डॉलर! वैदूला खरा हिशेब कळला तर ती पुन्हा विमान पकडेल."

"नाही घेणार."

"पाखरं मात्र आणायची. अनयाला लागतात. त्या शेतावरची बाई कितीला देते?"

"एकतीसला एक."

सुहासिनीने ओले हात झटकले आणि नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा भाजी आणायला पाठवलं होतं तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं.

"आणि तुम्ही दिलेत? सरळ?" ती म्हणाली. "चार घेतो म्हणून पंचवीसलासुद्धा मागितलं नाहीत? पुढच्या वर्षी गाडीतच बसा तुम्ही, वॉल्टबरोबर. भाव मी करते."